गाढवाच्या टोपीचे एकोणीस सभासद

मी आता जे सांगणार आहे त्यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही. माझ्या बायकोचा अजून बसलेला नाही, आणि ती तर सगळ्या प्रकाराला जातीनं हजर होती. एका गाढवापायी मी आमच्या इमारतीतली एकोणीस चांगली धडधाकट, चष्मे लावणारी, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी माणसं सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागाची सभासद केली. त्या गाढवाचं नाव विचारू नका. पुस्तकात दिलेलं नाही.

माझ्याबद्दल इमारतीत असं बोलतात की, आजोबांनी सांगितलेल्या पुराचं पाणी आधी घोट्यापर्यंत उतरवून घ्यावं आणि मग ऐकावं. बोलोत बापडे. या वेळी पाणी जेवढं होतं तेवढंच सांगतो. वाढवून सांगायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि ती या गाढवानं माझ्याजवळ ठेवलेली नाही.

मुंगी म्हणजे माझी नात. वय साडेचार. घरभर हिंडते, सगळं हलवते, आणि आवाज म्हणून नाही, म्हणून मुंगी. कान तिचे तिखट. बिस्किटाचा पुडा तीन भिंतींपलीकडे फुटला तरी हजर होते. सांगितलेलं सगळं तिला समजतं. पण शब्द काही बाहेर यायला राजी नसतात. आठ-नऊ शब्द होते तिच्याजवळ, आणि त्यांतही क, ख, ग यांचे त, थ, द होऊन निघायचे. बागेत एखाद्या पोरानं तिच्या हातातलं फावडं ओढून घेतलं, की "माझं" म्हणायला तोंड उघडायची आणि ते तसंच मिटून घ्यायची. ते मिटलेलं तोंड बघून मी घरी यायचो आणि बायकोवर ओरडायचो. कशावरून, ते आठवत नाही. काहीतरी सापडायचंच.

सल्ल्यांना तोटा नव्हता. समोरच्या काकू म्हणाल्या, "अहो, आमचा भाचा सहा वर्षांचा होईपर्यंत मुका होता. आता वकील आहे. बायको त्याला हात जोडते, की थोडा गप्प बस."

खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले, "तुम्हीच घरात इतकं बोलता, की तिला मधे घुसायला फट मिळत नसेल. साधा वाहतुकीचा प्रश्न आहे."

हा माणूस तीन वर्षं एका पुलाच्या कामावर होता आणि तो पूल अजून अर्धाच आहे. त्याचं मी मनावर घेतलं नाही. मग आम्ही मुंगीला घेऊन थेरपीच्या बाईंकडे गेलो, आणि मुलांना बोलायला शिकवणं हाच ज्यांचा धंदा आहे त्या बाईंनीही शुद्ध भाषेत तेच सांगितलं.

त्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या चार वर्षांच्या माणसांच्या मापाच्या होत्या. मी बसलो तर गुडघे कानाशी आले. अशा अवस्थेत माणसाला स्वाभिमान राखणं फार अवघड जातं.

"रोज पंधरा मिनिटं तिच्याबरोबर पुस्तक वाचा," बाई म्हणाल्या. "पुस्तक तिला निवडू द्या. रोज तेच मागितलं, तर रोज तेच वाचा. शब्दाखाली बोट ठेवा. आणि हे काय, ते काय, सांग बघू, असं विचारू नका. परीक्षा घ्यायची नाहीये."

"मग करायचं काय?"

"वाचायचं आणि थांबायचं. मनात दहा मोजायचे. तिला वेळ द्यायचा."

"आणि नाहीच बोलली तर?"

"तर पुढचं पान. आजोबा, खरं सांगू? यात तुमचं मुख्य काम गप्प बसण्याचं आहे."

मागे बसलेली माझी सून खोकली. तो खोकला नव्हता, हे मला समजलं.

चिरंजीव आणि सूनबाई दोघंही नोकरीला. बायकोचा मोतीबिंदू पिकायला आलेला. तेव्हा काम माझ्याकडे आलं. मीही म्हटलं, अवघड काय आहे? तेहतीस वर्षं मी एका कचेरीच्या आवक-जावक विभागात काढली. आलेल्या कागदाला आवक क्रमांक, गेलेल्या कागदाला जावक क्रमांक. माझ्या हातून क्रमांकाशिवाय माशीसुद्धा बाहेर गेली नाही. एका साडेचार वर्षांच्या मुलीचे शब्द बाहेर काढणं म्हणजे जावकच की!

बाईंनी निघता निघता आणखी एक सुचवलं होतं. घरातल्या चार-पाच वस्तूंवर त्यांची नावं लिहून चिकटवा. नाव रोज डोळ्यासमोर राहतं. बाई "चार-पाच" म्हणाल्या होत्या, हे मला नंतर सगळ्यांनी सांगितलं. मी दोनशे चौदा चिठ्ठ्या लिहिल्या. मोठ्या वळणदार अक्षरात, खाली उजव्या कोपऱ्यात क्रमांक. दार. दाराची कडी. खिडकी. खिडकीचा गज, एक ते नऊ. बादली. गळकी बादली. तीन दिवस चिकटपट्टीचा वास घरात भरून राहिला. आमच्या हिनं चहाचा डबा उघडायला घेतला, तर झाकणावर, डब्यावर आणि आत चमच्यावर अशा तीन चिठ्ठ्या.

"आता माझ्या कपाळावर एक लावा," ती म्हणाली. "म्हणजे या घरात माझं काय काम आहे, ते तरी कळेल."

माणसांवरही लावायचा माझा विचार होताच. 'बाबा' अशी एक चिठ्ठी मी चिरंजीवाच्या शर्टाला पाठीवर लावली. मुंगीला दाखवली, आणि काढायची विसरलो. चिरंजीव तसाच कचेरीत गेला. लिफ्टवाल्यानं विचारलं, "कितवा मजला, बाबा?" दुपारी साहेबांनी पाहुण्यांसमोर म्हटलं, "हे आमच्या विभागाचे बाबा." संध्याकाळी पोरगा घरी आला, चिठ्ठी सोलून माझ्या पुढ्यात ठेवली, आणि एक अक्षर न बोलता अंघोळीला गेला. न बोलण्याची देणगी या घराण्यात कुठून आली, याचा मला तेव्हा थोडा अंदाज आला.

थेरपीच्या बाई एकदा घर बघायला आल्या. त्यांनी चिठ्ठ्यांकडे पाहिलं, हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. सरळ जमिनीवर गुडघे टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, तुम्हीपण बसा." बसलो. कसा, ते विचारू नका. मुंगीच्या उंचीवरून मी माझं घर पहिल्यांदा बघत होतो. तिथून टेबलाची खालची बाजू दिसत होती, बेसिनचा वाकडा नळ दिसत होता, सगळ्यांचे गुडघे दिसत होते. पण एकही चिठ्ठी दिसत नव्हती. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा माझ्या डोळ्यांच्या उंचीवर होत्या.

दोनशे नऊ काढल्या. भिंतीचा रंगही त्यांच्याबरोबर निघून आला. पाच राहिल्या, खाली, मुंगीच्या नाकासमोर. त्या तिनं पहिल्याच दिवशी बोटानं चाचपून पाहिल्या.

मग वाचनालय. बालविभागात मी तिच्यासाठी सात सुंदर, नवीकोरी, बोधप्रद पुस्तकं काढून ठेवली. तिनं खालच्या फळीवरून, दोन जाड कोशांच्या मधून, एक पाठ निखळलेलं पुस्तक ओढून काढलं. बारा पानं. पानागणिक एक चित्र, एक ओळ. एका गाढवाची लाल टोपी वाऱ्यानं उडते. गाढव शोधत निघतं. 'विहिरीत पाहिलं. छे!' 'पोत्यात पाहिलं. छे!' 'ढगात पाहिलं. छे!' शेवटी टोपी सापडते, पण तिच्यात एक कोंबडी अंड्यांवर बसलेली असते. गाढव तिच्याकडे बघतं, आणि शेवटच्या पानावर म्हणतं, 'राहू दे.' संपलं.

यात काय आहे, असं मला वाटलं. मुंगीनं पुस्तक छातीशी धरलं होतं, म्हणजे माझं वाटणं संपलं होतं.

रोज संध्याकाळी पाच वाजता आम्ही खिडकीखाली बसायचो. मी बोट ठेवून वाचायचो, "विहिरीत पाहिलं," आणि थांबायचो. एक, दोन, तीन. मित्रहो, दहापर्यंत मोजणं किती लांब असतं, हे बोलक्या माणसालाच माहीत! चारपाशी माझ्या घशात खाज सुटायची. सहापाशी कोंबडीच्या दोन-तीन गोष्टी आठवायच्या. पहिले दोन दिवस तर मी मोठ्यानं मोजत होतो, कारण मनात मोजायची सवय नाही. नंतर मनात मोजायला लागलो, तर ओठ हलायचे, आणि मुंगी पुस्तक सोडून माझ्या ओठांकडे बघत बसायची.

"चाळीस वर्षं झाली," आतून ही म्हणायची, "मी तीन मोजायच्या आत तुम्ही कधी थांबला नाहीत. थेरपीच्या बाईंना माझा नमस्कार सांगा."

आता वाचनालयाचा नियम. बालविभागाचं पुस्तक सात दिवस. मुदतवाढ नाही. आणि एका सभासदानं नेलेलं पुस्तक त्याच सभासदाला पुन्हा सहा महिने मिळत नाही, का, तर इतरांना संधी मिळावी. पहिला आठवडा माझ्या कार्डावर गेला. दुसऱ्यासाठी बायकोला सभासद केलं, तिसऱ्यासाठी चिरंजीव, चौथ्यासाठी सूनबाई. चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी मी वाचलं, "पोत्यात पाहिलं," आणि थांबलो. सात. आठ. पायाला मुंग्या आल्या होत्या. नऊ मोजायच्या आत शेजारून आवाज आला:

"छे!"

स्पष्ट. तुच्छतेनं ओतप्रोत. आमच्या कचेरीतल्या हेडक्लार्कनंही कधी इतक्या तिरस्कारानं कागद परत केला नसेल. मी उठून नाचलो असतो. पण पाय झोपले होते, त्यामुळे नुसताच कोसळलो.

दुसऱ्या दिवसापासून मुंगीनं घर डोक्यावर घेतलं. दूध पुढे केलं, छे! फ्रॉक दाखवला, छे! चिरंजीवानं नवा शर्ट घालून दाखवला, छे! आणि प्रत्येक नकाराला घरात टाळ्या. सूनबाईनं तर मुद्दाम नावडती भाजी दोनदा केली.

शनिवारी पुस्तक परत गेलं. घरातली कार्डं संपली होती.

"कोणी मागितलंय का हे पुस्तक?" मी ग्रंथपालांना विचारलं. सभ्य माणूस, कोपरांना ठिगळं लावलेला स्वेटर, पेन्सिल कानावर.

"नाही."

"मागच्या चार वर्षांत कोणी नेलंय?"

त्यांनी नोंदवही उघडली. "तुमच्याच घरच्यांनी."

"मग आम्हालाच द्या की."

"देता आलं असतं," ते म्हणाले. "पण समजा, कोणी मागितलं तर?"

तेहतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावरून हेच वाक्य मीही लोकांना म्हणत आलो होतो.

दुकानं पालथी घातली. पुस्तक छापणारी संस्था केव्हाच बंद पडली होती. एका दुकानदारानं गाढवाऐवजी जिराफ घ्या म्हणून सुचवलं. पुस्तकाची काळी-पांढरी प्रत मी आधीच काढून ठेवली होती. मुंगीनं त्यात लाल टोपी शोधली, पान उलटं करून मागूनही पाहिलं, आणि प्रत माझ्या मांडीवर ठेवून दिली. मग मी स्वतः रंगीत पेन्सिली आणून चित्रं काढली. माझं गाढव हुबेहूब आमच्या जुन्या साहेबांसारखं झालं. मला स्वतःलाच त्याच्यासमोर बसवेना.

बाकी पुस्तकं तिनं उघडलीही नाहीत. पाच वाजता खिडकीखाली जाऊन बसायची, शेजारच्या रिकाम्या जागेवर हात आपटायची. तिसऱ्या दिवशी "छे" कमी झालं. पाचव्या दिवशी दूध पुढे केलं, तर तिनं नुसती मान फिरवली. घरात पुन्हा सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत मला पहिल्यांदा खरोखर भीती वाटली. एवढा एक शब्द चार आठवडे चालून आला होता. तो आल्या वाटेनं परत निघाला होता.

"माझं कार्ड काढा," समोरच्या काकू म्हणाल्या. "मला काय, सही तर करायची."

सही एवढंच नव्हतं. नव्या सभासदाला फोटो, पत्त्याचा पुरावा, आणि जुन्या दोन सभासदांची शिफारस. काकूंची शिफारस मी आणि बायकोनं केली. इंजिनिअरांची काकूंनी आणि मी. इंजिनिअरांनी आपल्या पत्ते खेळणाऱ्या कंपूची केली, आणि त्या कंपूनं आपापल्या बायकांची. महिनाभरात एकोणीस अर्ज झाले. अर्जात 'बालविभाग कशासाठी हवा?' असा रकाना होता. पहिल्यानं 'ज्ञानार्जन' लिहिलं, बाकीच्या अठरांनी ते उतरवून काढलं.

दर शनिवारी सकाळी मी एका म्हाताऱ्याला परत करायला आणि दुसऱ्याला न्यायला असं घेऊन जायचो. कोणाचा गुडघा, कोणाचा दमा. वाचनालयाच्या बत्तीस पायऱ्या. मधे सतराव्या पायरीवर आम्ही सगळे बसायचो.

"आपण वाचणार?" ग्रंथपालांनी इंजिनिअरांना विचारलं.

"अभ्यास करायचाय," इंजिनिअर म्हणाले, आणि तिथंच घोळ झाला. कारण या माणसानं खरंच अभ्यास केला. पुस्तक आमच्याकडे द्यायच्या आधी दुपारभर स्वतःकडे ठेवलं, आणि वर येऊन म्हणाले, "त्या कोंबडीचं अतिक्रमण आहे हे."

"असू दे हो."

"असू दे कसं? आज टोपीत बसली, उद्या खोगिरात बसेल."

काकूंचं म्हणणं वेगळं. गाढवानं निदान एक अंडं तरी मागायला हवं होतं. फुकट उदारपणा करणारी माणसं त्यांनी एकाच्या संसारात बघितली होती. कोणाच्या, ते त्यांनी सांगितलं नाही, पण काका उठून आत गेले. पाण्याच्या टाकीसाठी बोलावलेल्या इमारतीच्या सभेत दीड तास कोंबडीवर चर्चा झाली. सात जण कोंबडीच्या बाजूनं, सहा गाढवाच्या. टाकी अजून गळते आहे.

पण संध्याकाळी पाच वाजता पुस्तक खिडकीखाली असायचं. "छे" परत आलं. पाठोपाठ "तोपी" आली. मग "दादव". गाढवाला एवढ्या प्रेमानं कोणी हाक मारली नसेल. मग एके दिवशी तिनं पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं, स्वतः बोट ठेवलं, आणि बाहुलीला वाचून दाखवलं. शब्द तिचे, चाल माझी. दर ओळीनंतर थांबायची आणि बाहुलीकडे बघायची. बाहुलीला वेळ देत होती. एक शेवटची ओळ तेवढी तिच्या तोंडून येत नव्हती. 'राहू दे'पाशी पुस्तक माझ्याकडे सरकवायची.

सतराव्या शनिवारी ग्रंथपाल आमची वाटच बघत होते. चेहऱ्यावर आनंद. "अभिनंदन!" म्हणाले. "या वर्षी सर्वाधिक वाचलं गेलेलं पुस्तक! बालविभागाचा असा मान वाचनालयाच्या इतिहासात पहिलाच. आणि वाचक बघा, बहुतेक सगळे साठीच्या पुढचे!"

"वा," मी म्हटलं. "मग ते घेऊन जातो."

"छे, छे. आता ते देता येणार नाही. प्रथेप्रमाणे ते वर्षभर काचेच्या कपाटात राहणार."

दारातच कपाट होतं. आत मखमलीवर आमचं पाठ निखळलेलं गाढव, समोर पितळी पाटी, बाहेर कुलूप. मुंगी बरोबर होती. तिनं दोन्ही तळहात काचेला लावले. मग वळून माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही. फक्त बघत राहिली, जणू मी आता खिशातून किल्ली काढणार. इतका विश्वास माझ्यावर आजवर कोणी टाकलेला नाही. टाकण्यासारखा माणूसही नाही मी.

अर्ज केला. तीन प्रतींत. विषय: काचेच्या कपाटातील गाढव बाहेर मिळणेबाबत. परत आला: अर्जदाराचा पुस्तकाशी संबंध नमूद नाही. संबंध लिहिला. परत आला: अर्जदाराचे वय बालविभागाच्या मर्यादेत बसत नाही. वयाचा खुलासा केला. परत आला: अर्जावर आवक क्रमांक नाही. तेहतीस वर्षं मी याच कारणासाठी माणसांना जिने उतरवत होतो. आता त्या सगळ्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांत येऊन बसले होते. शेवटी कार्यकारिणीसमोर म्हणणं मांडायला बोलावलं. शुक्रवार, सकाळी अकरा.

"मुंगीला नेणार असाल तर न्या," थेरपीच्या बाईंनी फोनवर बजावलं, "पण तिला तिथे बोलायला लावू नका. अनोळखी माणसं, अनोळखी खोली. काही सिद्ध करायला जाऊ नका, आजोबा."

"छे हो," मी म्हटलं. "मला काय समजत नाही?"

समजत होतं. तरी आदल्या दिवशी मी तिच्यासमोर दहा वेळा शेवटचं पान काढून बसलो. वाटायचं, पाच माणसांसमोर मुंगी एकदा "राहू दे" म्हणाली, तर कपाटच काय, अख्खं वाचनालय उघडेल.

लांब टेबल. पलीकडे पाच माणसं. प्रत्येकासमोर झाकण घातलेला पाण्याचा पेला. मी, बायको आणि मुंगी अलीकडे. मी एकोणीस सभासदांची सगळी हकिगत सांगितली. लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं, ग्रंथपाल कपाळाला हात लावून बसले होते. अध्यक्षांनी चष्मा पुसला, किल्ली मागवली, पुस्तक काढून टेबलावर ठेवलं, आणि म्हणाले, "बरं. वाच बघू, बाळ."

आणि काय सांगू! मुंगी ताडकन खुर्चीवर उभी राहिली. तिनं पुस्तक उघडलं आणि खणखणीत आवाजात बाराच्या बारा पानं म्हणून दाखवली. क चा क, ख चा ख, ग चा ग. विहीर म्हणाली, तेव्हा आवाज खोल गेला. ढग म्हणाली, तेव्हा वर गेला. छताचा पंखा करकरत होता, तो आपण होऊन थांबला. शेवटच्या पानावर तिनं अध्यक्षांच्या डोळ्यांत डोळे घालून "राहू दे" म्हटलं, आणि पाचही माणसं उठून उभी राहिली. एकानं तर पाण्याच्या पेल्याचं झाकण वाजवलं. मी मात्र शांत होतो. मला खात्रीच होती. मी नुसती अध्यक्षांकडे बघून मान हलवली, एका प्रशासकानं दुसऱ्याकडे बघून हलवावी तशी.

पुस्तक त्याच दिवशी घरी आलं. मुदतीच्या रकान्यात अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं 'गरज असेपर्यंत' लिहिलं आहे. ते कोणीही येऊन बघावं.

इथपर्यंत लिहून झालं, तेव्हा काल संध्याकाळी मी ते घरात वाचून दाखवलं. चिरंजीव आणि सूनबाई ऐकत होती. आमची ही समोर बसून शेंगा सोलत होती. खुर्चीवर उभं राहिल्याचा भाग आला, तेव्हा तिचे हात थांबले. पण चाळीस वर्षांचा सराव असल्यामुळे पुन्हा सुरू झाले. मुंगी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. ती उठली, माझ्याजवळ आली आणि कागदावर सपाट हात ठेवला.

"खोटं," ती म्हणाली. ख चा थ झाला होता, पण न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मी खुलासा करायला तोंड उघडलं. "गप्प बसा," ही म्हणाली. मी बसलो. मुंगीला वेळ लागला. मी मनात मोजायला लागलो.

"मी नाही बोलले," ती म्हणाली. "मी रडले." मग माझ्या छातीला बोट लावून, "तू पण रडला. खूप. तसं लिही."